एकाहत्तर टक्के म्हणजे नेमके काय? अमेरिकेच्या अध्यक्षीय निवडणुकीचे भाकीत कसे तयार होते

८ नोव्हेंबर २०१६ रोजी अमेरिकेत मतदान सुरू झाले, तेव्हा डेमोक्रॅटिक पक्षाच्या हिलरी क्लिंटन अध्यक्ष होतील असे जवळपास प्रत्येक भाकीत सांगत होते. नेट सिल्व्हर यांच्या ‘फाइव्हथर्टीएट’ या संकेतस्थळाने त्यांच्या विजयाची शक्यता ७१ टक्के वर्तवली होती, ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने ८५ टक्के, तर प्रिन्स्टन विद्यापीठातील प्राध्यापक सॅम वँग यांच्या गणिताने ९९ टक्क्यांपर्यंत मजल मारली होती. निकाल रिपब्लिकन पक्षाचे डोनाल्ड ट्रम्प यांच्या बाजूने लागला आणि सगळे पंडित तोंडावर आपटले, असे सर्वत्र बोलले जाऊ लागले. मला ते तेव्हाही पटले नव्हते आणि आजही पटत नाही. हे तिन्ही अंदाज साधारण त्याच जनमत चाचण्यांवर बेतलेले होते. कच्चा माल एकच असूनही एकाने क्लिंटन यांच्या पराभवाची शक्यता शंभरात एकोणतीस धरली आणि दुसऱ्याने शंभरात एक. हा फरक कुठून आला हे नीट पाहिले, तर अमेरिकी निवडणुकीचे भाकीत कसे तयार होते आणि ते कसे वाचावे, याचा बराचसा उलगडा होतो.

सुरुवात निवडीच्या पद्धतीपासूनच करावी लागते, कारण अमेरिकेचा अध्यक्ष देशभरातील एकूण मतांवर निवडला जात नाही. प्रत्येक राज्याला ठरावीक प्रतिनिधी-मते मिळतात आणि त्यांची संख्या त्या राज्याच्या काँग्रेसमधील (म्हणजे अमेरिकी संसदेतील) दोन्ही सभागृहांच्या सदस्यांइतकी असते. सध्या कॅलिफोर्नियाला ५४, पेनसिल्व्हेनियाला १९, विस्कॉन्सिनला १० आणि वायोमिंगला ३ मते आहेत. राजधानी वॉशिंग्टनची ३ मते धरून एकूण बेरीज ५३८ होते आणि २७० मते मिळवणारा अध्यक्ष होतो. सिल्व्हर यांच्या संकेतस्थळाचे नावही याच ५३८ वरून आले होते. मेन आणि नेब्रास्का ही दोन राज्ये सोडली, तर बाकी सर्वत्र राज्यात एका मताने पुढे असलेला उमेदवार त्या राज्याची सगळी प्रतिनिधी-मते घेऊन जातो. मतांची टक्केवारी आणि जागा यांचा मेळ बसतोच असे नाही, हे लोकसभा आणि विधानसभेचे निकाल पाहणाऱ्या मराठी वाचकाला नव्याने सांगायला नको. अमेरिकेत संपूर्ण राज्य हाच एक मतदारसंघ होतो आणि प्रत्येक मतदारसंघाचे वजन वेगवेगळे असते, एवढे लक्षात ठेवले म्हणजे पुरे.

या पद्धतीचा भाकितावर होणारा परिणाम मोठा आहे. २०१६ मध्ये क्लिंटन यांना देशभरात ट्रम्प यांच्यापेक्षा सुमारे २८ लाख ७० हजार मते अधिक मिळाली, पण त्यांचा पराभव ठरला तो तीन राज्यांमध्ये. मिशिगनमध्ये १०,७०४, विस्कॉन्सिनमध्ये २२,७४८ आणि पेनसिल्व्हेनियामध्ये सुमारे ४४ हजार मतांनी त्या मागे राहिल्या. साडेतेरा कोटींहून अधिक लोकांनी मतदान केलेल्या निवडणुकीचा निकाल सुमारे ७८ हजार मतांनी, म्हणजे एखाद्या मोठ्या क्रिकेट मैदानात मावतील एवढ्या माणसांनी ठरवला. २०२० मध्ये जो बायडन यांनी देशभरात ७० लाखांहून अधिक मतांची आघाडी घेतली, तरी अॅरिझोना, जॉर्जिया आणि विस्कॉन्सिन या तीन राज्यांमधील त्यांची आघाडी एकत्र केली तर ती ४३ हजारांच्या आतच भरते. त्यामुळे भाकीत करणाऱ्याला देशाचा कल कळून भागत नाही. दोन्ही बाजूंना जाऊ शकणाऱ्या, ज्यांना तिकडे ‘स्विंग स्टेट’ म्हणतात अशा सहा-सात राज्यांमधला फरक त्याला अर्ध्या-एक टक्क्याच्या अचूकतेने कळावा लागतो, आणि तेवढे बारीक मोजमाप जनमत चाचणीच्या आवाक्याबाहेरचे आहे.

ते आवाक्याबाहेरचे का आहे, यासाठी चाचणीच्या आत डोकवावे लागेल. शितावरून भाताची परीक्षा करता येते, हे आपल्या घराघरांत सिद्ध झालेले शास्त्र आहे आणि जनमत चाचणीचे तत्त्व त्याहून वेगळे नाही. पातेले दोन माणसांचे असो की लग्नघरातले, भात शिजला का हे पाहायला चार शितेच पुरतात. तसेच मतदार पन्नास लाख असोत की पंधरा कोटी, हजारेक माणसांची निवड खरोखर सरमिसळ झाली असेल तर पुरेशी ठरते. हजार माणसांच्या नमुन्यात चुकीची मर्यादा अधिक-उणे तीन टक्क्यांच्या आसपास असते. ती निम्मी करायची तर माणसे दुप्पट घेऊन चालत नाही, चौपट घ्यावी लागतात. शिवाय ही मर्यादा एकेका उमेदवाराच्या टक्केवारीला लागू असते. एकाचे वाढले की दुसऱ्याचे घटते, म्हणून दोघांमधल्या आघाडीची मर्यादा जवळपास दुप्पट होते. ४८ विरुद्ध ४६ असा आकडा वृत्तपत्रात ‘आघाडी’ म्हणून छापला जातो, तेव्हा त्या आघाडीला चाचणीच्या दृष्टीने फारसा अर्थ नसतो.

पण हजार माणसे निवडताना जी चूक योगायोगाने होते, ती तुलनेने सभ्य चूक आहे. अनेक चाचण्यांची सरासरी काढली की ती बरीचशी विरघळून जाते. खरी अडचण भात नीट ढवळलेला नसतो तेव्हा येते. वरचा थर मऊ आणि तळाचा कच्चा असेल, तर वरून कितीही शिते चेपून पाहिली तरी अंदाज चुकणारच. १९३६ मध्ये ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकाने सुमारे एक कोटी मतपत्रिका टपालाने पाठवल्या आणि त्यांपैकी वीस लाखांहून अधिक भरून परत आल्या. एवढ्या प्रचंड नमुन्यावरून साप्ताहिकाने रिपब्लिकन उमेदवार आल्फ्रेड लँडन जिंकणार असे जाहीर केले. प्रत्यक्षात फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी तेव्हाच्या ४८ राज्यांपैकी ४६ राज्ये जिंकली आणि लँडन यांच्या वाट्याला अवघी ८ प्रतिनिधी-मते आली. साप्ताहिकाने पत्ते प्रामुख्याने टेलिफोन यादी आणि मोटारींच्या नोंदी यांतून घेतले होते, आणि महामंदीच्या त्या काळात ज्याच्या घरी टेलिफोन किंवा मोटार होती तो मतदार सर्वसामान्य अमेरिकी माणसासारखा नव्हता. त्यातही मतपत्रिका परत पाठवण्याची तसदी घेणारे लोक रूझवेल्ट यांच्यावर अधिक नाराज होते. त्याच वर्षी चाचणीकार जॉर्ज गॅलप यांनी त्या मानाने कितीतरी लहान नमुन्यावर रूझवेल्ट जिंकतील असे अचूक सांगितले, आणि दोन वर्षांत ‘लिटररी डायजेस्ट’ बंद पडले. बारा वर्षांनी गॅलप यांचाही अंदाज चुकला. १९४८ मध्ये प्रमुख चाचणीकारांनी मतदानाच्या बरेच आधी चाचण्या थांबवल्या होत्या, थॉमस ड्यूई जिंकणार असे गृहीत धरले होते आणि हॅरी ट्रुमन जिंकले. ड्यूईंच्या विजयाचा मथळा छापलेले ‘शिकागो ट्रिब्यून’ हातात उंच धरून हसणाऱ्या ट्रुमन यांचे छायाचित्र आजही चाचणीकारांना दाखवले जाते.

आज यादी चांगली मिळते, पण माणूस फोन उचलत नाही. ‘प्यू रिसर्च सेंटर’ या संस्थेच्या दूरध्वनी सर्वेक्षणांमध्ये १९९७ साली शंभरातील ३६ जण उत्तर देत असत. २०१८ पर्यंत हे प्रमाण ६ वर आले. म्हणजे हजार उत्तरे मिळवायला सोळा-सतरा हजार लोकांचा पाठपुरावा करावा लागतो, आणि जे सहा जण बोलतात ते न बोलणाऱ्या चौऱ्याण्णव जणांसारखेच असतील, याची कोणतीही हमी नसते. ही उणीव भरून काढण्यासाठी चाचणीकार उत्तरांना कमी-अधिक वजन देतात. नमुन्यात तरुण कमी आले असतील, तर आलेल्या प्रत्येक तरुणाचे उत्तर दीड किंवा दोन माणसांइतके धरायचे, अशी ही रीत आहे.

हे वजन किती निर्णायक ठरते, ते एका काल्पनिक उदाहरणावरून पाहू. विस्कॉन्सिनसारख्या राज्यात हजार लोकांनी उत्तरे दिली आणि त्यांत निम्मे पदवीधर निघाले, असे समजा. पदवीधरांपैकी ६० टक्के आणि पदवी नसलेल्यांपैकी ४५ टक्के लोक डेमोक्रॅटिक उमेदवाराच्या बाजूने आहेत. पाचशे पदवीधरांचे तीनशे आणि उरलेल्या पाचशेंचे सव्वादोनशे मिळून सव्वापाचशे होतात, म्हणजे साडेबावन्न टक्के. उमेदवाराला पाच टक्क्यांची आघाडी दिसते. मात्र प्रत्यक्ष मतदारांत पदवीधर निम्मे नसून एक-तृतीयांशच असतील, तर हिशेब बदलतो. हजारांतले ३३३ पदवीधर आणि ६६७ बिगर-पदवीधर धरले की त्यांच्याकडून अनुक्रमे दोनशे आणि तीनशे मते येतात, बेरीज पाचशे होते आणि आघाडी संपूर्ण नाहीशी होते. कोणी खोटे बोललेले नाही, कोणी मत बदललेले नाही, तरीही पाच टक्क्यांची आघाडी शून्यावर आली. २०१६ मध्ये अनेक राज्यस्तरीय चाचण्यांनी नेमके हेच केले. सुशिक्षित माणूस चाचणीला उत्तर देण्याची शक्यता अधिक असते, हे ठाऊक असूनही शिक्षणाचे वजन त्यांनी लावले नव्हते, कारण त्याआधीच्या निवडणुकांमध्ये शिक्षणावरून मतदारांचे असे तुकडे पडलेले नसत. ट्रम्प यांच्या उमेदवारीने ती दरी रुंदावली आणि इतकी वर्षे निरुपद्रवी राहिलेली चूक अचानक महागात पडली. शेवटच्या आठवड्यात मन ठरवलेले मतदारही या राज्यांमध्ये मोठ्या प्रमाणावर ट्रम्प यांच्याकडे वळले. परिणामी विस्कॉन्सिनमध्ये चाचण्यांच्या सरासरीत क्लिंटन पाच-सहा टक्क्यांनी पुढे होत्या आणि प्रत्यक्षात त्या एक टक्क्याहूनही कमी फरकाने हरल्या.

२०२० पर्यंत बहुतेकांनी शिक्षणाचे वजन लावायला सुरुवात केली होती, तरीही त्या वर्षी चूक वाढली. देशभरच्या सरासरीत बायडन आठ टक्क्यांहून अधिक पुढे दिसत होते, प्रत्यक्षात ते साडेचार टक्क्यांनी जिंकले. याचे सर्वांत पटणारे स्पष्टीकरण असे आहे की, एकाच वयाच्या, एकाच शिक्षणाच्या, एकाच गावच्या दोन माणसांपैकी ज्याचा वृत्तपत्रे, विद्यापीठे, सरकार अशा संस्थांवर विश्वास उरलेला नाही, तो माणूस चाचणीचा फोन ठेवून देतो आणि मतदान मात्र करतो. जनगणनेत विश्वासाचा रकाना नसतो, त्यामुळे त्याला वजन तरी कशाच्या आधारावर द्यायचे? २०२४ मध्ये अनेक चाचणीकारांनी ‘मागच्या वेळी तुम्ही कोणाला मत दिले होते’ हे विचारून त्यानुसार वजन लावण्याचा मार्ग धरला आणि चूक बरीच कमी झाली. पण त्या वर्षीही ती ट्रम्प यांना कमी लेखण्याच्या दिशेनेच गेली. आयोवा राज्यात दीर्घकाळ अचूकतेसाठी नावाजलेल्या अॅन सेल्झर यांच्या शेवटच्या चाचणीत कमला हॅरिस तीन टक्क्यांनी पुढे होत्या आणि ट्रम्प यांनी ते राज्य तेरा टक्क्यांनी जिंकले. सेल्झर यांनी आपला आकडा इतरांशी जुळत नाही म्हणून तो दडवला नाही किंवा घासूनपुसून मऊ केला नाही, याबद्दल मला त्यांच्याविषयी आदर वाटतो. कारण सगळे चाचणीकार एकमेकांकडे पाहून आकडे जुळवू लागले, तर सरासरी काढण्याला काही अर्थच उरत नाही.

आता ७१ आणि ९९ यांच्याकडे परत जाता येईल. चाचण्यांची सरासरी हाती आली की भाकीत करणारा संगणकावर ती निवडणूक हजारो वेळा घडवून पाहतो. प्रत्येक खेपेला प्रत्येक राज्याच्या सरासरीत थोडी चूक मिसळली जाते, राज्ये वाटली जातात आणि २७० चा आकडा कोण ओलांडतो याची नोंद होते. दहा हजार खेपांपैकी ७,१०० वेळा क्लिंटन जिंकल्या, तर त्यांची शक्यता ७१ टक्के झाली. इथपर्यंत सगळ्यांचे काम सारखेच असते. मतभेद आहे तो मिसळायच्या चुकीबद्दल. ती किती मोठी धरायची, आणि एका राज्यातली चूक दुसऱ्या राज्यातल्या चुकीशी किती बांधलेली आहे?

मिशिगन, विस्कॉन्सिन आणि पेनसिल्व्हेनिया या प्रत्येक राज्यात ट्रम्प यांच्या विजयाची शक्यता २० टक्के आहे, असे धरा. ही तीन राज्ये म्हणजे एकमेकांशी संबंध नसलेले तीन फासे आहेत असे मानले, तर तिन्ही एकाच वेळी ट्रम्प यांच्याकडे जाण्याची शक्यता एक टक्क्याहूनही कमी येते, सव्वाशे निवडणुकांमध्ये एकदा. परंतु ही राज्ये फासे नाहीत. तिन्हीकडे बंद पडलेले कारखाने आहेत, पदवी नसलेल्या गोऱ्या कामगार मतदारांची मोठी संख्या आहे, आणि बऱ्याच अंशी एकाच पद्धतीने घेतलेल्या चाचण्या आहेत. विस्कॉन्सिनमध्ये चाचणीने ज्या माणसाला गाठले नाही, त्याच प्रकारच्या माणसाला तिने मिशिगनमध्येही गाठलेले नसणार. चुका अशा पूर्णपणे एकत्र बांधलेल्या मानल्या, तर तिन्ही राज्ये एकदम जाण्याची शक्यता थेट २० टक्क्यांवर जाते. एक टक्का आणि वीस टक्के, आणि मधल्या काळात एकाही चाचणीचा आकडा बदललेला नाही. सिल्व्हर यांनी हे बंधन गांभीर्याने धरले होते. वँग यांनी सर्व चाचण्या एकाच दिशेने चुकण्याची शक्यता फारच लहान धरली होती, आणि ही आपली चूक त्यांनी निकालानंतर स्पष्टपणे मान्यही केली.

ट्रम्प यांना दिलेली २९ टक्के शक्यता म्हणजे ‘ते हरणार’ असे नव्हते. भिंतीवरच्या कॅलेंडरवर डोळे मिटून बोट ठेवा. ते शनिवारी किंवा रविवारी पडण्याची शक्यता सातात दोन, म्हणजे साडेअठ्ठावीस टक्के आहे. बोट रविवारी पडले म्हणून कोणी कॅलेंडर छापणाऱ्याला जाब विचारत नाही. माझा आक्षेप वाचकांवर नसून आकडा देताना त्याचा अर्थ न सांगणाऱ्या माध्यमांवर आहे, कारण सामान्य वाचक ७१ टक्के शक्यता आणि ७१ टक्के मते यांत सहज गल्लत करतो आणि तसे होणे स्वाभाविक आहे. ५२ टक्के मते मिळतील अशी अपेक्षा असलेल्या उमेदवाराची विजयाची शक्यता नव्वद टक्के असू शकते. दोन्ही आकडे टक्क्यांतच लिहिले जातात आणि घोटाळा होतो.

याच बांधलेल्या चुकांमुळे २०२४ चा निकालही समजतो. शेवटच्या दिवशी प्रमुख भाकितांमध्ये हॅरिस आणि ट्रम्प यांची शक्यता जवळपास निम्मी-निम्मी होती. प्रत्यक्षात पेनसिल्व्हेनिया, मिशिगन, विस्कॉन्सिन, जॉर्जिया, नॉर्थ कॅरोलिना, अॅरिझोना आणि नेव्हाडा ही सातही स्विंग राज्ये ट्रम्प यांनी जिंकली आणि ३१२ विरुद्ध २२६ असा निकाल लागला. निम्मी-निम्मी शक्यता सांगितली म्हणजे निकाल अटीतटीचा लागेल, असे अनेकांनी गृहीत धरले होते. पण सातही राज्यांत फरक एक-दोन टक्क्यांचा असेल आणि चूक सगळीकडे एकाच दिशेने जाणार असेल, तर सातही राज्ये एकाच बाजूला कलंडणे हा त्या गणितातला अगदी साधा शेवट आहे. चार-तीन अशी नेटकी वाटणी होणे त्यामानाने दुर्मीळ.

चाचण्या न वापरता भाकीत करणारेही आहेत. येल विद्यापीठाचे अर्थशास्त्रज्ञ रे फेअर यांनी १९७० च्या दशकातच आर्थिक वाढ आणि महागाई यांच्यावरून सत्ताधारी पक्षाची मते सांगणारे समीकरण मांडले. इतिहासकार अॅलन लिक्टमन तेरा प्रश्नांची होय-नाही उत्तरे देऊन निकाल सांगतात आणि त्यांचे अंदाज वर्षानुवर्षे गाजले; २०२४ मध्ये त्यांनी हॅरिस यांचे नाव घेतले आणि ते चुकले. पैजांच्या बाजाराने २०२४ मध्ये ट्रम्प यांना झुकते माप दिले म्हणून त्याची वाहवा झाली, पण त्याच बाजाराने २०१६ मध्ये क्लिंटन यांच्यावर पैसा लावला होता. या पद्धतींबाबत मी सावध राहतो, कारण १९४८ पासून २०२४ पर्यंत अमेरिकेत अवघ्या वीस अध्यक्षीय निवडणुका झाल्या आहेत, आणि वीस उदाहरणांवर नेमका बसणारा नियम शोधणे कठीण नाही.

मतदान संपल्यावर भाकीत अधिक भक्कम पायावर येते, कारण आता खरी मते हाती येऊ लागतात. आपल्याकडे बुधवारी पहाटे साडेपाच वाजतात तेव्हा पूर्व किनाऱ्यावरच्या काही राज्यांत मतदान संपते आणि अनुभवी विश्लेषक राज्याच्या बेरजेकडे न पाहता एकेका काउंटीकडे, म्हणजे राज्यातल्या जिल्ह्यासारख्या विभागाकडे पाहू लागतात. व्हर्जिनियातील लाउडन काउंटी हे त्याचे चांगले उदाहरण आहे. वॉशिंग्टनच्या उपनगरी पट्ट्यातल्या या काउंटीत सॉफ्टवेअर क्षेत्रातल्या भारतीय वंशाच्या कुटुंबांची मोठी वस्ती आहे. २०२० मध्ये इथे बायडन २५ टक्क्यांनी पुढे होते. २०२४ मध्ये हॅरिस यांनीही ही काउंटी सहज जिंकली, पण आघाडी १६-१७ टक्क्यांवर घसरली होती. डेमोक्रॅटिक पक्षाच्या बालेकिल्ल्यात मतदार असा सरकला असेल, तर पेनसिल्व्हेनियात, जिथे बायडन जेमतेम एका टक्क्याने जिंकले होते, तिथे काय होणार हे जाणकारांना भारतात सकाळचा चहा होईपर्यंत उमगले होते.

कच्च्या बेरजेने मात्र फसगत होते. २०२० मध्ये मतदानाच्या रात्री पेनसिल्व्हेनियात ट्रम्प जवळपास सात लाख मतांनी पुढे होते. टपाली मतांचे लिफाफे मतदानाच्या दिवसाच्या सकाळपर्यंत उघडायचेच नाहीत, असा त्या राज्याचा नियम आहे, आणि महासाथीच्या त्या वर्षी डेमोक्रॅटिक मतदारांनी मोठ्या प्रमाणावर टपालाने मतदान केले होते. कोणत्या काउंटीत कोणत्या प्रकारची किती मते शिल्लक आहेत याचा हिशेब ठेवणाऱ्यांना दुसऱ्याच दिवशी दिशा दिसत होती; शनिवारी, ७ नोव्हेंबरला वृत्तसंस्थांनी बायडन यांचा विजय जाहीर केला आणि अंतिम मोजणीत ते त्या राज्यात सुमारे ८० हजार मतांनी पुढे राहिले.

२००० साली फ्लोरिडामध्ये दूरचित्रवाणी वाहिन्यांनी आधी अल गोर जिंकले असे सांगितले, मग ते मागे घेतले, मध्यरात्रीनंतर जॉर्ज बुश यांना विजयी ठरवले आणि पहाटे तेही मागे घेतले. राज्यात सुमारे साठ लाख मते पडली होती. छत्तीस दिवस फेरमोजणी आणि न्यायालयांतील लढाई चालली, अखेरचा निर्णय सर्वोच्च न्यायालयात झाला, आणि बुश यांची अधिकृत आघाडी नोंदली गेली ५३७ मतांची.